घराचे नूतनीकरण आणि वायरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर दुरुस्तीला काढणाऱ्या वाचकांकडून वायरिंगविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. महाराष्ट्रातील व गोव्यातील फ्लॅट, जुन्या इमारतींमधील खोल्या आणि स्वतंत्र घरे डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहेत. प्रत्यक्ष काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. त्याच्याकडे नेमके काय मागायचे आणि कोणत्या बाबतीत तडजोड करायची नाही, हे घरमालकाला कळावे एवढाच या पानाचा हेतू आहे.

१. वायरिंगचा विचार नेमका कधी सुरू करावा?

पहिली भिंत फुटण्यापूर्वी. पलंग, कपाट, टीव्ही, ओटा आणि फ्रिज कोठे येणार हे कागदावर निश्चित झाले की लगेच विजेचा आराखडा करावा, कारण बोर्डांच्या जागा फर्निचरवरून ठरतात आणि वायरची जाडी उपकरणांवरून ठरते. सर्वसाधारण क्रम असा असतो: तोडफोड, भिंतींवर खुणा, झिऱ्या (भिंतीतील खाचा) मारून पाइप व बॉक्स बसवणे, प्लास्टर, छताचे पीओपी किंवा फॉल्स सीलिंगचा सांगाडा, वायर ओढणे, रंगाचा पहिला हात आणि शेवटी स्विच व दिवे. खुणांच्या दिवशी घरातील सर्वांनी, विशेषतः स्वयंपाकघरात रोज काम करणाऱ्या व्यक्तीने, जागेवर उभे राहून प्रत्येक बोर्ड मान्य करावा. खडूची खूण पुसायला काही खर्च नसतो; टाइल बसल्यानंतर तोच बोर्ड वीतभर सरकवायचा म्हटले तरी टाइल फोडावी लागते.

२. जुने वायरिंग चालू आहे. ते पूर्ण बदलावे का?

चालू असणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाकडी पट्टीवरचे वायरिंग, कापडी किंवा रबरी आवरणाच्या वायर, ॲल्युमिनियमच्या वायर, अर्थिंगची (गळती झालेली वीज जमिनीत नेणारी) हिरवी वायर नसणे आणि एमसीबीऐवजी (जास्त प्रवाह झाल्यास आपोआप बंद होणाऱ्या स्विचऐवजी) चिनी मातीचे फ्यूज, यांपैकी काहीही आढळले तर पूर्ण वायरिंग बदलणे हाच योग्य निर्णय आहे. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरते, त्यामुळे स्क्रूखालची पकड सैल होते; शिवाय त्यावर चढणारा ऑक्साइडचा थर विजेला अडवतो आणि जोड तापतो. अशा वायरला तांब्याची नवी वायर पीळ देऊन जोडणे तर अधिकच धोक्याचे, कारण ओलसर हवेत या दोन धातूंचा जोड गंजतो.

वायर तांब्याची असेल, अर्थ असेल आणि पाइपातून वायर सहज सरकत असतील, तर पाइप तसेच ठेवून फक्त नव्या वायर ओढता येतात. निर्णय घेण्यापूर्वी मेगर या यंत्राने वायरच्या आवरणाची, म्हणजे इन्सुलेशनची, चाचणी करून घ्यावी (पाहा प्रश्न १६).

३. कोणत्या खोलीत किती पॉइंट असावेत?

याचे एकच कोष्टक सर्वांना लागू पडत नाही; दिवसभरातील वापर डोळ्यांपुढे आणावा. मात्र काही जागा इतक्या वेळा विसरल्या जातात की त्या येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

स्वयंपाकघरात मिक्सर, इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह, पाणी शुद्ध करणारे यंत्र, चिमणी आणि फ्रिज यांना स्वतंत्र सॉकेट हवे. ओटा जमिनीपासून साधारण पावणेतीन ते तीन फूट उंच असतो, म्हणून ओट्यावरचे सॉकेट साडेतीन ते चार फुटांवर घ्यावे आणि ते शेगडीच्या मागे किंवा सिंकच्या लगत येऊ देऊ नये. चिमणीचा पॉइंट तिच्या धुराड्याच्या आड जाणार नाही अशा उंचीवर ठेवावा. घरघंटी असेल किंवा पुढे घ्यायची असेल, तर तिच्यासाठी १६ अँपिअरचा पॉइंट आताच काढावा. तिची मोटर साधारण एक अश्वशक्तीची असते आणि ती बहुधा स्वयंपाकघराबाहेरच्या कोपऱ्यात ठेवली जाते, जेथे मोठे सॉकेट नसते. मग एक्स्टेन्शनच्या बारीक वायरवर दळण चालते आणि वायर तापते.

शयनगृहात पलंगाच्या दोन्ही बाजूंना साधारण दोन फुटांवर सॉकेट असावे आणि मुख्य दिवा व पंखा दाराजवळून तसेच पलंगावरूनही चालू-बंद करता यावा, म्हणजेच टू-वे स्विच घ्यावेत. वृद्ध माणसे घरात असतील तर पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर पायाच्या उंचीचा मंद दिवा अवश्य घ्यावा. बाथरूममध्ये गीझरचा डबल पोल स्विच (वीज आणणारी व परत नेणारी अशा दोन्ही वायर तोडणारा) दाराबाहेर असावा. देवघरात छोट्या दिव्यासाठी पॉइंट घेताना तो समईच्या ज्योतीपासून दूर आणि लाकडी खणाच्या बाहेर ठेवावा.

गॅलरीतही एक सॉकेट हवे. त्याचा स्विच आत आणि सॉकेट झाकणाचे असेल, तर आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा खिडकीच्या फटीतून वायर ओढून लावाव्या लागत नाहीत. गणपतीची आरास ज्या कोपऱ्यात होते, तेथेही एक जास्तीचे सॉकेट दरवर्षी उपयोगी पडते.

४. घराचा एकूण भार कसा काढायचा? मंजूर भार वाढवावा लागेल का?

प्रत्येक मोठ्या उपकरणावर त्याचे वॅट लिहिलेले असतात. त्यांची बेरीज म्हणजे जोडलेला भार. दोन शयनगृहांच्या घरात दीड टनाचे दोन एसी सुमारे ३.२ किलोवॅट, दोन गीझर ४, इंडक्शन शेगडी २, पाणी गरम करणारे धुलाई यंत्र २, इस्त्री १, घरघंटी पाऊण आणि दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही मिळून १ असे धरल्यास सुमारे १४ किलोवॅट होतात. परंतु ही सर्व उपकरणे एकाच वेळी चालत नाहीत. सकाळी दोन्ही गीझर आणि धुलाई यंत्र, किंवा रात्री दोन्ही एसी, अशी सर्वांत वाईट वेळ धरली तर प्रत्यक्षात ६ ते ७ किलोवॅट लागतात.

आपला मंजूर भार वीजबिलावर छापलेला असतो. प्रत्यक्ष मागणी त्याहून जास्त होणार असेल, तर महावितरण, बेस्ट, गोव्यातील वीज खाते किंवा आपल्या भागातील वीज कंपनी यांच्याकडे भारवाढीचा अर्ज काम सुरू होतानाच करावा. मीटरपासून घरापर्यंतची मुख्य वायर त्या भारासाठी पुरेशी जाड आहे का, हेही त्याच वेळी तपासावे. घरातील वायर नवी आणि मीटरपासूनची केबल जुनी व बारीक, असा प्रकार जुन्या इमारतींत सर्रास आढळतो.

५. सिंगल फेज पुरेल की थ्री फेज घ्यावे?

सिंगल फेजमध्ये वीज आणणारी वायर (फेज) एकच असते, थ्री फेजमध्ये तीन. सिंगल फेजमध्ये २३० व्होल्टवर ७ किलोवॅटसाठी सुमारे ३० अँपिअर प्रवाह लागतो. एक एसी आणि एक गीझर असलेल्या घराला सिंगल फेज पुरते. दोन-तीन एसी, दोन गीझर आणि विजेवरची मोटार असे चित्र असेल तर थ्री फेज सोयीचे ठरते. मात्र त्यात भार तिन्ही फेजवर सारखा वाटावा लागतो. सर्व एसी एकाच फेजवर टाकल्यास थ्री फेज घेण्याचा हेतूच उरत नाही.

थ्री फेजमध्ये न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी वायर, तुटणे हा गंभीर दोष आहे. न्यूट्रल सुटला की कमी भार असलेल्या फेजवरचे व्होल्टेज २३० वरून ४०० च्या दिशेने चढू शकते आणि टीव्ही, फ्रिज एका क्षणात जळू शकतात. म्हणून न्यूट्रलचे सर्व जोड घट्ट असावेत, न्यूट्रलवर फ्यूज कधीही नसावा आणि डीबीमध्ये (सर्व एमसीबी असलेल्या मुख्य पेटीत) जास्त-कमी व्होल्टेजला पुरवठा तोडणारे उपकरण बसवावे.

६. कोणत्या कामासाठी किती जाडीची वायर घ्यावी?

तांब्याच्या वायरसाठी घरगुती व्यवहारात पुढील जाडी योग्य ठरते. दिवे व पंख्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर वायर आणि १० अँपिअरपर्यंतचा एमसीबी. १६ अँपिअरच्या सर्वसाधारण सॉकेटसाठी २.५ चौरस मिलिमीटर आणि १६ अँपिअरचा एमसीबी. एसी, गीझर आणि ओव्हनसाठी ४ चौरस मिलिमीटर आणि २० अँपिअरचा एमसीबी, आणि तोही प्रत्येकी स्वतंत्र सर्किटवर. ३ किलोवॅटचा झटपट गीझर एकटाच १३ अँपिअर घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच वायरवर दुसरे काही का जोडू नये ते कळते.

जुने तारतंत्री अजूनही ‘तीन-बावीस’ आणि ‘सात-वीस’ अशी मापे सांगतात. तीन-बावीस म्हणजे सुमारे १.२ आणि सात-वीस म्हणजे सुमारे ४.६ चौरस मिलिमीटर. अंदाजपत्रकात मात्र चौरस मिलिमीटरच लिहून घ्यावेत. वायर आयएस ६९४ या भारतीय मानकाची असावी. आग लागल्यास कमी धूर करणारी एफआरएलएस वायर घेणे फ्लॅटसाठी हिताचे आहे, कारण बंद जागेत आगीइतकाच धूरही जीवघेणा असतो. लाल, पिवळा किंवा निळा रंग फेजसाठी, काळा न्यूट्रलसाठी आणि हिरवा अर्थसाठी हा संकेत घरभर पाळला गेला पाहिजे. स्विचच्या पट्ट्या पुढे कधीही बदलता येतात, भिंतीतील वायर तितक्या सहज बदलता येत नाही. म्हणून बचत करायचीच असेल तर ती पट्ट्यांवर करावी.

७. एमसीबी असताना आरसीसीबी कशासाठी?

एमसीबी वायरचे रक्षण करतो, आरसीसीबी माणसाचे. अतिभार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास एमसीबी पडतो. परंतु माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जाणारा प्राणघातक प्रवाहही इतका लहान असतो की १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची जाणीवच होत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तुलना करतो आणि फरक पडताच पुरवठा तोडतो. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचाच घ्यावा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाला वाचवण्यासाठी पुरेसा नाही. आरसीसीबी अतिभार ओळखत नाही, म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लागतात. शक्य असल्यास संपूर्ण घराला एकच आरसीसीबी न देता दोन किंवा तीन भाग करावेत, म्हणजे गीझरमधील दोषामुळे सगळे घर अंधारात जात नाही. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

८. आमच्या जुन्या इमारतीत अर्थिंगच नाही. काय करावे?

सर्वप्रथम, जे करू नये ते. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून काम भागवू नये. न्यूट्रल कोठेही सुटला की फ्रिज, धुलाई यंत्र आणि गीझर यांचे धातूचे अंग थेट जिवंत होते. पाण्याच्या नळाला अर्थ जोडणेही तितकेच चुकीचे आहे. आता बहुतेक नळ प्लास्टिकचे असल्याने त्याचा उपयोगही होत नाही.

योग्य मार्ग म्हणजे मीटरच्या खोलीतील अर्थपट्टीपासून स्वतंत्र हिरवी वायर घरापर्यंत आणणे. तेथेही अर्थ नसेल तर सोसायटीने आयएस ३०४३ नुसार नवे अर्थिंग करून घ्यावे. हा एका घराचा नव्हे तर संपूर्ण इमारतीचा प्रश्न आहे, असे सभेत मांडावे. तोपर्यंत आरसीसीबी तरी लगेच बसवावा. अर्थ नसतानाही तो काम करतो. फरक एवढाच की अर्थ असेल तर दोष निर्माण होताच तो पडतो, आणि अर्थ नसेल तर कोणीतरी स्पर्श केल्यावर पडतो. म्हणूनच आरसीसीबी हा अर्थिंगला पर्याय नाही.

९. झिऱ्या कोठे मारू नयेत? आमच्या टॉवरमधील भिंत फुटतच नाही.

कॉलम, बीम आणि स्लॅब यांना हात लावू नये. विटांच्या चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारल्यास भिंत कमकुवत होते, म्हणून पाइप शक्यतो उभे वर किंवा खाली आणावेत. अशा भिंतीच्या दोन्ही बाजूंना अगदी पाठीला पाठ लावून बॉक्स बसवू नयेत. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंतीत छिन्नी-हातोड्याऐवजी कापणारे यंत्र वापरावे.

भिंत फुटत नसेल तर ती बहुधा मायव्हन पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली सळईयुक्त काँक्रीटची आहे. अशा इमारतीत भिंतीच सांगाड्याचे काम करतात, त्यामुळे तेथे झिरी मारणे म्हणजे बीम कापण्यासारखेच आहे. तेथे बिल्डरने टाकलेल्या पाइपांतूनच नव्या वायर ओढाव्यात. नवे पॉइंट फॉल्स सीलिंग, लाकडी पॅनेल किंवा भिंतीवरची केसिंग-कॅपिंग (झाकणाची प्लास्टिकची पट्टी) यांतून न्यावेत. कोणत्याही इमारतीत काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी.

१०. कोकणात आमचे चिऱ्याचे घर आहे. तेथे कन्सील (भिंतीच्या आत दडवलेले) वायरिंग करावे का?

चिऱ्याची भिंत जाड असते, पण दगड सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात ओल धरतो, आणि गिलावा नसलेल्या चिऱ्यात मारलेली झिरी पुन्हा जुळवता येत नाही. माझ्या मते अशा घरात वरून नेलेला कडक पीव्हीसी पाइप किंवा केसिंग-कॅपिंग हाच उत्तम मार्ग आहे. नीट सरळ रेषेत नेलेले पाइप वाईट दिसत नाहीत आणि दोष शोधणे सोपे जाते. मातीच्या भिंतींच्या जुन्या घरांनाही हेच लागू पडते. वायर कौलांखालच्या लाकडी वाशांवर उघडी नेऊ नये. उंदीर तिचे आवरण कुरतडतात. वळवाच्या पावसात विजा पडतात त्या भागात डीबीमध्ये सर्ज रोधक (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारे) उपकरण बसवावे, पण त्याचा उपयोग चांगल्या अर्थिंगशिवाय होत नाही (पाहा प्रश्न ८).

११. इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी सारखा पडतो. का?

बहुतेक वेळा न्यूट्रल मिसळल्यामुळे. इन्व्हर्टरवरच्या दिव्यांना फेज इन्व्हर्टरमधून मिळतो, पण त्यांचा न्यूट्रल घराच्या सामायिक न्यूट्रल पट्टीला जोडलेला असतो. मग एका वाटेने गेलेला प्रवाह दुसऱ्या वाटेने परततो आणि आरसीसीबी त्याला गळती समजतो. त्यासाठी आरसीसीबी काढून टाकणे हा उपाय नव्हे. नूतनीकरणातच इन्व्हर्टरवर कोणते दिवे, पंखे आणि कोणता इंटरनेट राउटर चालणार हे ठरवावे, त्यांचे फेज व न्यूट्रल दोन्ही स्वतंत्र न्यावेत आणि डीबीमध्ये त्यांची न्यूट्रल पट्टी वेगळी ठेवावी. एकाच घरात दोन आरसीसीबी असतील तर त्यांचे न्यूट्रलही याच कारणाने वेगळे ठेवावे लागतात.

१२. इन्व्हर्टर नाही, तरी फक्त पावसाळ्यात आरसीसीबी पडतो.

याचा अर्थ तो आपले काम करीत आहे आणि कोठेतरी ओल वायरपर्यंत पोहोचली आहे. बाहेरच्या भिंतीवरील बॉक्स, गॅलरीतील दिवा, गच्चीवरची पंपाची वायर आणि गीझरचे हीटिंग एलिमेंट ही नेहमीची ठिकाणे आहेत. सर्व एमसीबी खाली करून एकेक वर करीत दोष शोधता येतो. तथापि एक अपवाद आहे: साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, त्यामुळे न्यूट्रल ओल्या भिंतीला लागलेला असेल तर एमसीबी खाली असूनही आरसीसीबी पडू शकतो. अशा वेळी तंत्रज्ञाला पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडवून पाहावा लागतो.

१३. इंटरनेट आणि स्मार्ट स्विचसाठी काय तरतूद करावी?

इंटरनेट आणि टीव्हीच्या वायरसाठी वेगळा पाइप टाकावा. त्या विजेच्या पाइपात कधीही घालू नयेत. राउटर घराच्या मध्यभागी ठेवता येईल अशी जागा निवडून तेथे सॉकेट द्यावे आणि कामाच्या मेजापर्यंत व टीव्हीपर्यंत कॅट-६ केबल न्यावी. बहुतेक स्मार्ट स्विचना न्यूट्रल लागतो. ज्या बोर्डात सॉकेट नाही, केवळ दिव्यांचे स्विच आहेत, तेथे बरेचदा न्यूट्रल आणलेलाच नसतो. म्हणून प्रत्येक बोर्डात तो आणून ठेवावा आणि खोल बॉक्स घ्यावेत.

१४. विजेवरच्या गाडीसाठी आताच वायर टाकावी का?

होय, निदान पाइप तरी टाकावा. ३.३ किलोवॅटच्या चार्जरला सुमारे १४ अँपिअर लागतात आणि तो तासन्‌तास सलग चालतो, त्यामुळे त्याला ४ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक वायर नको. ७.४ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर घेतो; त्यासाठी भारवाढ आणि वाहनतळापर्यंतच्या अंतरानुसार ६ किंवा १० चौरस मिलिमीटरची केबल लागते. स्वतंत्र एमसीबी व आरसीसीबी दोन्ही प्रकारांत अनिवार्य समजावे. दुचाकीची बॅटरी रात्री झोपण्याच्या खोलीत किंवा जाण्यायेण्याच्या दाराजवळ चार्ज करू नये.

१५. कंत्राटदार पॉइंटप्रमाणे दर सांगतो. त्यात काय धरलेले असते?

प्रत्येकाची व्याख्या वेगळी असते, आणि बहुतेक वाद येथूनच निर्माण होतात. दर फक्त मजुरीचा आहे की साहित्यासह, टू-वे स्विचचा एक पॉइंट धरतात की दोन, बोर्डावरचे सॉकेट अर्धा पॉइंट मोजतात का, १६ अँपिअरचा पॉइंट वेगळा आहे का, डीबीपासून बोर्डापर्यंतची वायर मीटरवर मोजणार का, झिरी बुजवण्याचे काम कोणाचे, हे सर्व लेखी घ्यावे. वायरची जाडी आणि मानक अंदाजपत्रकात नमूद असावे. कंत्राटदाराचा परवाना चालू आहे का, हे पाहण्यात संकोच बाळगू नये. भारवाढीच्या अर्जासोबत चाचणी अहवालावर त्याचीच सही लागते.

१६. काम पूर्ण झाल्यावर काय तपासून घ्यावे?

प्लास्टर होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, शेजारी मोजपट्टी धरून, छायाचित्र काढावे. पुढे खिळा ठोकताना ते फार उपयोगी पडते. वायर ओढून झाल्यावर आणि उपकरणे जोडण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासावे. वाचन १ मेगओहमपेक्षा कमी असेल तर ते सर्किट स्वीकारू नये, आणि नव्या वायरचे वाचन त्याहून कितीतरी पटींनी जास्त आले पाहिजे. प्रत्येक सॉकेटमध्ये फेज उजवीकडे आहे का आणि अर्थ सलग आहे का, हे पाहावे. आरसीसीबीचे बटण दाबून तो पडतो याची खात्री करावी. नंतर दोन्ही गीझर, एसी आणि शेगडी अर्धा तास एकत्र चालवून डीबीला वास किंवा चटका जाणवतो का, ते पाहावे. डीबीच्या दाराआड कोणता एमसीबी कशाचा याची मराठीत लिहिलेली यादी चिकटवून घेतल्यावरच कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता द्यावा.